नवा गडी, जुनं राज्य

१० सप्टेंबर २०१७. बर्नलीच्या टर्फ मूर मैदानावर क्रिस्टल पॅलेसने वीसहून जास्त फटके मारले आणि एकही जाळ्यात गेला नाही. त्याआधी, तिसऱ्याच मिनिटाला, त्यांच्याच खेळाडूचा मागे दिलेला एक लंगडा पास बर्नलीच्या ख्रिस वूडच्या पायात पडला होता. सामना तिथेच संपला, ०-१. दुसऱ्या दिवशी मॅनेजर फ्रँक डी बोअरची नोकरी गेली. लीगमधले चार सामने, चार पराभव, शून्य गोल. कारकीर्द ७७ दिवसांची.

हाच माणूस २०११ ते २०१४ अशी सलग चार वर्षं आयाक्सला नेदरलँड्सचं विजेतेपद मिळवून देत होता. मग लंडनमध्ये येऊन अकरा आठवड्यांत तो नालायक कसा झाला? तेव्हा बहुतेकांनी एका दमात निकाल लावला, मॅनेजरच वाईट. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जून महिन्यात तो सहीला बसला तेव्हाच पराभवाची बरीचशी सामग्री टेबलावर मांडलेली होती. ती ओळखता येते, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

शनिवारी रात्री घरचे झोपल्यावर टीव्हीचा आवाज बारीक करून सामने बघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमचा आवडता क्लब गुणतक्त्याच्या तळाशी असेल आणि त्याने नुकताच नवा मॅनेजर आणला असेल, तर आनंद साजरा करण्याआधी एक वही घ्या. साधी, शंभर पानी चालेल.

पहिल्या पानावर मॅनेजरचं नाव लिहू नका. आधी घराची अवस्था लिहा. तो आला त्या दिवसापासून पहिल्या सामन्यापर्यंत किती दिवस आहेत? खेळाडू घेण्याची मुदत चालू आहे की संपली? खेळाडू कोण निवडतं, तो की दुसरं कुणी? आणि आधीचा का गेला? या चार उत्तरांत निम्मं भविष्य असतं. मुदतीचा मुद्दा लोक हमखास विसरतात. नोव्हेंबरात आलेल्या माणसाला जानेवारीपर्यंत एकही नवा खेळाडू विकत घेता येत नाही. जुन्या भांड्यांतच त्याला स्वयंपाक करायचा असतो, आणि जानेवारीत मिळतात ते बहुधा दुसऱ्यांना नको असलेले.

सन्डरलँडचं उदाहरण घ्या. २०१६ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने त्यांचा मॅनेजर सॅम ॲलर्डाइस उचलला. दुसऱ्या दिवशी डेव्हिड मॉयेस आला. मोसम सुरू व्हायला तीन आठवडे होते. क्लबवर दहा कोटी पौंडांहून जास्त कर्ज होतं आणि मालकाचं मन क्लबमधून उडालेलं होतं. त्या मोसमात सन्डरलँड २४ गुणांसह तळाला राहिलं, आणि पुढच्या वर्षी त्याखालच्या लीगमधूनही घसरलं, तेव्हा मॉयेस तिथे नव्हताही. वहीतल्या चार प्रश्नांची उत्तरं जुलैतच लिहिली असती, तर मे महिन्यात धक्का बसला नसता.

हाच मॉयेस त्याच्या तीन वर्षं आधी मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला होता. तो काही बुडता क्लब नव्हता, नुकता विजेता झालेला होता. पण घर आतून रिकामं होत होतं. सर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. खेळाडू विकत घेण्याचं जाळं ज्यांच्या ओळखीवर उभं होतं, ती दोन्ही माणसं एकदम बाहेर. गिल यांच्या जागी आलेल्या नव्या कारभाऱ्याच्या पहिल्या उन्हाळ्यात एकच मोठा खेळाडू आला, फेलायनी, तोही अखेरच्या दिवशी. लोकांनी मॉयेसकडे बोट दाखवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आपल्याकडचंही बघा. कोलकात्याचं ईस्ट बंगाल २०२० मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये आलं. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यात, बंद कड्यात खेळला गेला: फातोर्डा, बांबोळी, वास्को. संघाचा लीगप्रवेशच सप्टेंबरात ठरला आणि प्रशिक्षक रॉबी फाउलर ऑक्टोबरात नेमला गेला. नोव्हेंबरात पहिला सामना, मोहन बागानविरुद्ध, ०-२. लीगमधला पहिला विजय जानेवारीत मिळाला आणि संघ अकरांत नववा आला. पुढचा उन्हाळा क्लब आणि गुंतवणूकदार यांच्यातल्या कराराच्या भांडणात गेला आणि संघ पुन्हा घाईघाईने जुळवावा लागला. त्या मोसमात वीस सामन्यांत एकच विजय, शेवटचा क्रमांक, आणि मध्येच प्रशिक्षकही बदलला. दोन्ही मोसमांत प्रशिक्षकांच्या नावांवर रकाने भरून लिहिलं गेलं. कराराच्या कागदावर त्या मानाने फार थोडं.

आता वहीचं दुसरं पान. इथे थोडी मेहनत आहे, पण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. गेल्या मोसमात सर्वाधिक खेळलेले अकरा खेळाडू एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर तो काय करायचा ते लिहा: पदवी नको, काम. ‘उजवा बचावपटू’ एवढ्यावर थांबू नका. ‘मागे राहतो, वर फारसा जात नाही, उंच चेंडू डोक्याने साफ करतो’ असं लिहा. मग नवा मॅनेजर आधीच्या क्लबात कसा खेळवायचा ते बघा, आणि त्याच्या पद्धतीत याच माणसाला काय करावं लागेल ते शेजारी लिहा. जिथे दोन्ही रकाने जुळत नाहीत तिथे फुली मारा.

पॅलेसची ही यादी केली असती तर पान फुल्यांनी भरलं असतं. तो संघ ॲलन पार्ड्यू आणि ॲलर्डाइस यांच्या हातून घडलेला होता. मागे चार बचावपटू दाटीवाटीने उभे, चेंडू मिळाला की कडेने झाहा किंवा टाउनसेंड पळणार, आणि मधोमध उंचापुरा बेंटेके. आदल्या मोसमात बेंटेकेने लीगमध्ये १५ गोल केले होते. आता डी बोअरला हवं होतं ते वेगळंच व्याकरण: तीन बचावपटू, त्यांच्यापासूनच छोट्या पासांनी खेळ उभा करणं, कडेचे खेळाडू आत येणं. लांब चेंडू साफ करण्यात आयुष्य घालवलेल्या बचावपटूला त्याने सहा आठवड्यांत कारागीर व्हायला सांगितलं. पहिला सामना घरच्या मैदानावर, नुकत्याच वर आलेल्या हडर्सफील्डशी होता. ०-३.

माझा अंदाजपंचे हिशेब असा: अकरांत तीन फुल्या असतील तर चांगला मॅनेजर सांभाळून नेतो. पाचच्या पुढे गेल्या, तर एक तर खरेदीला मोठा पैसा लागेल किंवा एक अख्खा मोसम वाया घालवायची तयारी लागेल. तळाच्या क्लबाकडे बहुधा दोन्ही नसतं. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हा मोसम चालू होता, खरेदीची मुदत बंद होती, आणि चार बचावपटूंसाठी जमवलेल्या संघाला त्याने तीन बचावपटूंची आपली पद्धत लगेच लावली. संघ ४२ गुणांसह पंधरावा आला. तिथे पैशांची टंचाई नव्हती, तरी हिशेब चुकला नाही.

इथे एक वाद होतो, तो मला माहीत आहे. मॅनेजरने स्वतःची पद्धत सोडली तर त्याला आणलं कशासाठी? रास्त प्रश्न. पण तो मॅनेजरला विचारायचा नाही, आणणाऱ्याला विचारायचा. पॅलेसच्या कारभाऱ्यांना खेळ सुंदर व्हावा असं वाटत होतं म्हणून त्यांनी डी बोअरला निवडलं, आणि तो सुंदर होण्याची वाट त्यांना चार सामन्यांपलीकडे बघवली नाही. कलमी आंब्याचं रोप लावायचं आणि पुढच्या आठवड्यात कैरी नाही म्हणून उपटायचं.

सहाय्यकांसाठी अर्धं पान पुरे. नवा माणूस कुणाला काढतो आणि कुणाला आणतो ते टिपून ठेवा. मॉयेसने युनायटेडमध्ये माइक फीलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचा प्रशिक्षक एरिक स्टील यांच्या जागी एव्हर्टनची आपली माणसं बसवली. कोणत्या खेळाडूला रागावायचं आणि कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे ज्यांना ठाऊक होतं तेच गेले. गंमत म्हणजे म्यूलेनस्टीन त्याच मोसमात तळाच्या फुलहॅमचा मॅनेजर झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो जुन्या घरी, ओल्ड ट्रॅफर्डवर आला, मॉयेसच्या संघाने कडेकडून ऐंशीच्या आसपास चेंडू गोलसमोर उडवले, आणि सामना २-२ सुटला. काही दिवसांतच म्यूलेनस्टीनही गेला, एप्रिलमध्ये मॉयेस गेला आणि फुलहॅम खालच्या लीगमध्ये घसरलं.

ब्रायन क्लफची गोष्ट याच्या उलट टोकाची. १९७४ मध्ये तो लीड्सला गेला तो जोडीदार पीटर टेलरशिवाय. आल्या आल्या त्याने विजेत्या संघालाच त्यांची पदकं खोटेपणाने मिळवलेली आहेत असं सुनावलं आणि ४४ दिवसांत बाहेर पडला. पुढच्या जानेवारीत तो दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथेही लगेच काही झालं नाही. १९७६ मध्ये टेलर आला, ७७ ला संघ वर चढला, ७८ ला इंग्लंडचा विजेता झाला, ७९ आणि ८० ला युरोपचा. मॅनेजर हा एकटा माणूस असतो, हीच मुळात वर्तमानपत्रांची सोय आहे.

आता सामने सुरू झाले. पहिल्या महिन्यात काय बघायचं? निकाल सोडून सगळं. हे ऐकायला विचित्र वाटेल. बुडत्या क्लबात नवा माणूस आला की बऱ्याचदा दोन-तीन सामने जिंकले जातात आणि चाहते नाचायला लागतात. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी त्यांच्या देशातल्या पहिल्या श्रेणीचे १९८६ ते २००४ या काळातले सामने तपासले. मॅनेजर काढल्यावर संघ सावरतो, हे खरंच दिसलं. पण तितकीच घसरण झालेल्या आणि मॅनेजर न काढलेल्या संघांशी तुलना केली, तर तेही तसेच सावरलेले होते. ताप उतरणारच होता, औषध कुणीही दिलं असतं.

यात नुसती फसगत नाही, धोकाही आहे, आणि तो सन्डरलँडने चार वर्षं भोगला. मार्च २०१३ मध्ये पाओलो दी कॅनियो आला आणि संघ वाचला. सप्टेंबरात तो गेला, गस पोयेट आला, २०१४ ला संघ पुन्हा वाचला. मार्च २०१५ मध्ये पोयेट गेला, डिक ॲडव्होकाट आला, संघ वाचला. ऑक्टोबरात ॲडव्होकाट गेला, ॲलर्डाइस आला, २०१६ ला संघ सतराव्या जागी राहून वाचला. दर वसंतात आनंदोत्सव. पण प्रत्येक नव्या माणसाने आपल्या आवडीचे खेळाडू घेतले, प्रत्येकाच्या मागे त्या खेळाडूंचे लांब करार उरले, आणि पुढच्या माणसाला चार वेगवेगळ्या शिंप्यांनी शिवलेला एक सदरा मिळाला. मॉयेसच्या अंगावर तो सदरा फाटला. चारदा वाचल्यामुळेच घर दुरुस्त करायची वेळ कुणाला आली नाही, असं माझं मत आहे. ते घर सावरलं ते पुढे नवा मालक आल्यावर, तरुण खेळाडू हेरून आणण्याची नीट व्यवस्था बसल्यावर, आणि २०२५ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये परतला.

म्हणून वहीत गुणांऐवजी फटके मोजा. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांनी पेनल्टीच्या चौकटीतून किती फटके मारले, एवढंच. हे आकडे आता स्कोअरच्या बऱ्याच ॲपवर मिळतात. पाच-सहा सामन्यांत आपला आकडा वाढत असेल आणि समोरच्याचा कमी होत असेल, तर पराभव होत असले तरी थांबायला हरकत नाही. विजय मिळतायत पण समोरचाच जास्त फटके मारतोय, तर जपून. दुसरी नोंद: आपला संघ चेंडू कुठे गमावतो? समोरच्याच्या अर्ध्यात गमावला तर चालतं. स्वतःच्या चौकटीसमोर वारंवार गमावत असेल, तर नवी पद्धत खेळाडूंच्या पायांत अजून उतरलेली नाही. बर्नलीच्या सामन्यात पॅलेसच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम दिसत होत्या. फटके भरपूर, आणि घात स्वतःच्याच पासाने.

पत्रकार परिषदा ऐका, पण थोड्याच. मॅनेजर ‘आम्ही’ म्हणतो की ‘ते’ म्हणतो, याकडे कान द्या. मॉयेसने सन्डरलँडमध्ये मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यानंतर सांगून टाकलं की यंदा घसरण टाळण्याचीच लढाई आहे. बोलला ते अक्षरशः खरं ठरलं. पण ऑगस्टमध्ये ते ऐकणाऱ्या खेळाडूला सरावाला जाताना काय वाटलं असेल? खरं बोलावं, पण ते ड्रेसिंग रूमचं दार लावून.

शेवटची तपासणी करताना माणूस जरा बाजूला ठेवा आणि त्याचे मागचे दोन क्लब शेजारी शेजारी लिहा. रॉय हॉजसन २०१० च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला गेला, तेव्हा तो क्लब कर्जात होता, मालक जायच्या वाटेवर होते आणि ऑक्टोबरात क्लब विकलाही गेला. जानेवारी २०११ मध्ये हॉजसन बाहेर. फेब्रुवारीत तो वेस्ट ब्रॉमविचला गेला आणि त्याच मोसमात त्यांना अकराव्या जागी नेऊन ठेवलं. पाच आठवड्यांत माणूस बदलत नाही. मॉयेसही तसाच: सन्डरलँडनंतर वेस्ट हॅम, तिथे २०२३ मध्ये युरोपा कॉन्फरन्स लीगचा करंडक, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा एव्हर्टन, जिथे त्याने घसरणीची भीती काही आठवड्यांत मोडून काढली. अर्थात काही माणसं खरंच सगळीकडे पडतात. डी बोअर आधी इंटर मिलानमध्येही ८५ दिवसच टिकला होता, हे त्याच्या बाजूने बोलताना मी लपवणार नाही. तिथेही तो मोसम तोंडावर आल्यावर ऑगस्टमध्ये पोहोचला होता, हेही त्याच पानावर लिहा.

हे वाचणाऱ्यांत कुणी स्वतः संघ हातात घेणारा असेल, कॉलेजचा, वसाहतीचा, किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीचा, तर त्याच्यासाठी थोडं वेगळं. तिथल्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेला प्रत्येक माणूस प्रशिक्षक असतो, आणि पहिल्या सामन्याआधी तुम्हाला निदान दहा जण फॉर्मेशन सांगून जातील. ऐकून घ्या, बदलू नका. पहिले दोन आठवडे संघ जसा खेळत होता तसाच उभा करा आणि फक्त दोन गोष्टींवर काम करा: आपल्यावर येणारा कॉर्नर कोण कुणाला धरून अडवणार, आणि चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोण कुठे पळणार. हरणाऱ्या संघाचे बरेच गोल या दोन फटींतून जातात आणि त्या बुजवायला पैसा लागत नाही. जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखालचा एक माणूस ठेवा, भले तो तुम्हाला आवडत नसेल. कर्णधार पहिल्याच आठवड्यात बदलू नका. नव्या कल्पना एकावेळी एक, आणि तीही एखादा सामना जिंकल्यानंतरच्या सरावात. हरल्यानंतर सांगितलेली कल्पना शिक्षेसारखी ऐकू येते.

हॉजसनने पॅलेसमध्ये असंच काहीसं केलं. डी बोअरच्या जागी तो आला तेव्हा सत्तर वर्षांचा होता, क्लबच्याच भागात, क्रॉयडनमध्ये जन्मलेला, म्हणजे घरचाच. मागे चार बचावपटू, त्यांच्यापुढे चारांची ओळ, आणि त्याच हालचाली पुन्हा पुन्हा घोटवणारा सराव, जो खेळाडूंना कंटाळा येईपर्यंत चालतो अशी त्याची ख्यातीच होती. लगेच फळ मिळालं का? त्याचे लीगमधले पहिले तीन सामने: साउदॅम्प्टनकडून ०-१, मँचेस्टर सिटीकडून ०-५, मँचेस्टर युनायटेडकडून ०-४. क्लबचे लीगमधले एकूण सात सामने, शून्य गुण, शून्य गोल. याही वेळी कुणी त्याला हाकलायला निघालं असतं तर आकड्यांत समर्थन सापडलं असतं. कुणी निघालं नाही. पॅलेस त्या मोसमात ४४ गुणांसह अकरावं आलं आणि हॉजसन तिथे चार मोसम राहिला.

आठवा सामना १४ ऑक्टोबरला होता, गतविजेत्या चेल्सीशी. जखमी झालेला झाहा परतला होता आणि मध्यंतराआधी त्यानेच विजयाचा गोल केला, २-१. पण त्या मोसमातला पॅलेसचा लीगमधला पहिला गोल त्याचा नव्हता. तो अकराव्या मिनिटाला झाला, आणि वहीत तो चेल्सीच्या आस्पिलिक्वेताच्या नावासमोर लिहावा लागतो: स्वयंगोल.